पोलीस भावाला ‘खबऱ्या हो’ म्हणून मागं लागलेत, कायद्यानं काय करता येतं?

गोदाकाठ · सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. इथं वाचतो नेहमी पण लिहायलोय पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव परभणी-बीडच्या शिवेवर. तालुक्याला धाकट्या भावाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, वय २३. मागच्या वर्षी त्यानं ओळखीच्या पोराकडून एक जुना मोबाईल घेतला, बिल नव्हतं, तो निघाला चोरीचा. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा दाखल झाला, अटक केली नाही, नोटीस देऊन सोडलं. इथपर्यंत चूक आमची. बिनबिलाचा मोबाईल घ्यायलाच नव्हता पाहिजे, मान्य.

पण त्याच्यानंतर जे सुरू झालंय ते सहन होईना. डीबी (गुन्हे शोध) पथकातले दोघं दर आठ-पंधरा दिवसाला फोन करतात, ये ठाण्यात. कागद नाही, नोटीस नाही. सकाळी ११ ला बोलवायचं आणि रात्री ९ पर्यंत बाकड्यावर बसवायचं. मारलं नाही अजून. म्हणतात तू आमच्यासाठी काम कर, बाजारात चोरीचे मोबाईल कोण आणायलंय, वाळूचे हायवा कोणाचे, नशेच्या बटन गोळ्या कोण विकायलंय, सगळं आणून दे, तुझ्या केसचं आम्ही बघतो. नाहीतर अजून दोन केसमधी नाव घालू आणि तडीपारीचा प्रस्ताव पाठवू. दोन कोऱ्या कागदांवर सह्या पण घेतल्यात, हे त्यानं मला परवा सांगितलं.

त्यात मागच्या बाजाराच्या दिवशी त्याला दुकानातून जीपमधी बसवून नेलं, सगळ्या बाजारासमोर. दुसऱ्याच दिवशी वाळूवाली दोन पोरं दुकानात आली, काय सांगितलं रे साहेबाला म्हणून. त्यानं काहीच सांगितलेलं नव्हतं. नऊ दिवस झाले दुकान बंद आहे, लेकरू रात्री उठून बसतंय. आता आमच्या वडलांना ठाण्यात बोलावलंय, वय ६४, बीपी आहे, शुगर आहे.

नाही म्हणता येतं का? म्हणलं तर पुढं काय? कोणाकडं जावं? कोणाला ह्यातलं माहीत असंल तर सांगा.

मोंढ्यातला · सोमवार, रात्री ११:२०

दादा मी व्यापारी माणूस, माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. पोलिसाशी वाकडं घेऊन तालुक्याच्या गावात दुकान चालत नाही. दोन-चार बारक्या गोष्टी सांगून टाका, साहेबाची बदली झाली की विषय संपतो. आमच्या गल्लीत एकानं असंच केलं, आज निवांत आहे.

गोदाकाठ · सोमवार, रात्री ११:३४

मोंढ्यातला भाऊ, तुम्ही चांगल्या मनानं सांगितलं. पण वाळूवाल्यांचं नाव सांगितलं तर ते पोरगं रात्री दुकान बंद करून मोटरसायकलवर एकटं घरी येतंय, ९ किलोमीटर, मधी एकबी वस्ती नाही. साहेब बदलून जाईल, आम्हाला इथंच राहायचंय.

निवृत्त_जमादार · मंगळवार, सकाळी ६:१५

लेका, मी ३१ वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच डीबीत आणि एलसीबीत (जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा), म्हणून बोलतो. खबऱ्या जबरदस्तीनं होत नसतो. माझे जे खरे खबरी होते ते स्वतःहून यायचे, कोणी पैशासाठी, कोणी दुश्मनीपायी, कोणी खरंच गावाचं वाटोळं बघवत नाही म्हणून. त्यांना मी कधी ठाण्याची पायरी चढू दिली नाही. भेटायचं तर दुसऱ्या तालुक्यातल्या हॉटेलवर, तेपण साध्या कपड्यात. कोर्टात उलटतपासणीत वकिलानं विचारलं की बातमी कोणी दिली, तरी आपण सांगायचं नाही, तसा कायदाच आहे. पहिल्यांदी एव्हिडन्स ॲक्टचं कलम १२५ होतं, आता नवीन साक्ष अधिनियमात १३१ झालंय. म्हणजे कायदा खबऱ्याचं नाव झाकतो. तुझ्या भावाला तर भर बाजारातून जीपमधी घातलं. त्याला खबऱ्या म्हणत नाहीत, त्याला चारा लावणं म्हणतात. ज्यानं हे केलं त्याला एकतर काम कळत नाही किंवा पोराच्या जिवाची पर्वा नाही.

हे का होतं तेबी सांगतो. महिन्याला एसपी (पोलीस अधीक्षक) ऑफिसला क्राईम मीटिंग असते, तिथं उघड न झालेले गुन्हे विचारतात, उभं करून विचारतात. मग खाली येऊन दबाव ज्याच्यावर एक केस आहे अशा पोरावर निघतो, कारण ते घाबरलेलं असतं. आणि घाबरलेलं पोरगं काय करतं तर ज्याच्याशी भांडण आहे त्याचं नाव सांगतं नाहीतर मनानंच काहीतरी सांगतं. मी अशा खबरीवर धाड घालून निरपराध माणसाचं घर उलथंपालथं केलेलं पाहिलंय. एकदा तर त्यात मीच होतो. त्या घरातली म्हातारी दाळीच्या डब्यातली दाळ जमिनीवरनं गोळा करत होती, ते अजून डोळ्यापुढून हलत नाही.

नाही म्हण. पण तोंडी नको. लेखी.

ॲड_बालाघाट · मंगळवार, दुपारी ३:०५

मी जिल्हा कोर्टात क्रिमिनल साईडला प्रॅक्टिस करते, चौदा वर्षं झाली. आज बोर्ड लवकर संपला म्हणून सविस्तर लिहिते, दादा हे सगळं भावाला वाचून दाखवा.

पहिली गोष्ट. कोणालाही खबरी व्हायला लावायचा अधिकार पोलिसाला देणारं एकही कलम नाही. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहिता) नव्हतं आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत पण नाही. पुढं नुसतं कलम लिहिलं तर ते ह्याच नव्या संहितेचं. कोणी ३३ नंबरचं कलम दाखवेल, ज्यात खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण अशा ठराविक गंभीर गुन्ह्यांची माहिती असेल तर नागरिकानं ती द्यावी असं आहे. पण ते आपल्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टीबद्दल आहे, जा आणि शोधून आण असं त्यात कुठंच नाही, आणि साधी चोरी तर त्या यादीतच नाही. गावातली खबर ठाण्याला कळवणं हे पोलीस पाटलाचं काम, त्यासाठी १९६७ चा ग्राम पोलीस अधिनियम आहे, मानधन आहे. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याचं ते काम नाही.

दुसरं, बोलावण्याचं. पोलीस दोनच तऱ्हेनं कायदेशीर बोलावू शकतात. साक्षीदार म्हणून असेल तर कलम १७९ खाली लेखी आदेश, आणि आरोपी किंवा संशयित म्हणून असेल तर ३५(३) ची नोटीस. ही ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्यामुळं फोन आला की भावानं आदरानं एवढंच म्हणायचं, साहेब मी यायला तयार आहे, कोणत्या केसमध्ये कोणत्या कलमाखाली ते लेखी द्या. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. मात्र खरी लेखी नोटीस आली तर जायचंच, टाळायचं नाही, कारण ३५ ची नोटीस मोडली तर तेच अटकेचं कारण होतं. जाताना वकील सोबत घ्या.

वडलांचं तर सरळ आहे. साठीच्या वरच्या पुरुषाला, पंधराच्या आतल्या मुलाला, कुठल्याही वयाच्या बाईला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावताच येत नाही, पोलिसानं त्यांच्या घरी येऊन विचारायचं, ते स्वतः जायला तयार असले तर गोष्ट वेगळी. जुन्या कायद्यात ही वयाची अट ६५ होती, नव्यात ६० झाली, बऱ्याच ठाण्यांत अजून जुनंच डोक्यात आहे. आणि हा नियम जाणूनबुजून मोडणाऱ्या सरकारी नोकराला न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) १९९ कलमाखाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. वडलांना पाठवू नका.

आता ‘केसचं आम्ही बघतो’. हे वाक्य मी इतक्या अशिलांच्या तोंडून ऐकलंय की आता चीड येते. आरोपीला माफी द्यायची ती कोर्टानं, कलम ३४३, आणि ते सुद्धा सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या नाहीतर फक्त सेशन कोर्टात चालणाऱ्या गुन्ह्यात. चोरीचा माल घेतल्याच्या तुमच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तिथं माफीचा साक्षीदार हा विषयच येत नाही. केस काढून घ्यायची तर सरकारी वकिलाचा अर्ज आणि कोर्टाची परवानगी लागते. पुरावा नाही म्हणून पोलीस समरी (केस बंद करायचा अहवाल) पाठवू शकतात, पण ती मंजूर करायची का नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवतो. म्हणजे जे द्यायचं त्यांच्या हातातच नाही ते ते तुमच्या भावाला विकायलेत.

उलट तो बोलत गेला तर स्वतःच अडकू शकतो. पोलिसाला दिलेली कबुली पुराव्यात येत नाही हे खरं, पण आरोपी कस्टडीत असताना त्यानं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग येतो. आज म्हणतील अमुक ठिकाणचे मोबाईल दाखव आणि उद्या तोच मेमोरंडम पंचनामा (आरोपीनं वस्तू दाखवल्याचा कागद) त्याच्या नावावर लागलेला असेल. घटनेच्या कलम २०(३) नं आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही, १९७८ च्या नंदिनी सत्पथी केसपासून हे पक्कं आहे, आणि त्या केसमध्ये वकील सोबत असण्याचंही कोर्टानं मान्य केलेलं आहे.

कोऱ्या कागदावरच्या सह्या, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. पोलिसानं लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायचीच नसते, कलम १८१. मग त्या कोऱ्या सह्या कशाला घेतल्या? आजच्या आज एसपींना तक्रारअर्ज करा आणि त्यात हे तारखेसकट लिहा. सहा महिन्यांनी कोर्टात सांगितलं तर सरकारी वकील विचारणार, इतके दिवस गप्प का.

अर्ज पोलीस अधीक्षकांना, प्रत डीवायएसपींना आणि परिक्षेत्राच्या आयजींना. परभणी, नांदेड, लातूर, हिंगोली नांदेड परिक्षेत्रात येतात, बीड, जालना, धाराशिव संभाजीनगरच्या, तुमचं ठाणं ज्या जिल्ह्यात असेल तसं बघा. रजिस्टर पोस्टानं, पोहोचपावतीसह, शिवाय एक प्रत हातानं देऊन आवकचा शिक्का घ्या. अर्जात विशेषणं नकोत. कोणत्या तारखेला किती वाजता फोन आला, कोणत्या नंबरवरून, किती वाजेपर्यंत बसवलं, कोण काय बोललं. एवढंच.

पालावरचा · मंगळवार, रात्री ९:४०

वकील ताईंनी सांगितलेलं सोळा आणे खरं. आमच्या पारधी वस्तीवर हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे म्हणून लिहितो. इंग्रजानं १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, हजेरी लावली, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण हजेरी माणसांच्या मनातनं गेली नाही. तालुक्यात कुठं घरफोडी झाली की आमच्या पोराला उचलायचं आणि म्हणायचं तू नसशील तर कोण आहे ते सांग. म्हणजे एकतर आरोपी हो नाहीतर खबरी हो, तिसरी जागाच नाही. माझ्या चुलतभावानं खबरी व्हायचं कबूल केलं होतं. दीड वर्षं केलं. वस्तीनं त्याच्याशी रोटीबेटी तोडली, आणि शेवटी एक गुन्हा उघड होईना तर त्यालाच त्यात घातलं. मोंढ्यातले भाऊ म्हणायलेत दोन बारक्या गोष्टी सांगून टाका. बारकी गोष्ट नसती हो ती, पहिली गोष्ट असती. त्याच्यानंतर दुसरी मागतात.

तडीपारीचं भ्या घालायलेत त्याबद्दल. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५५, ५६, ५७ कलमाखाली ती होते, जास्तीत जास्त दोन वर्षं, पण आधी ५९ खाली नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं, आदेश झाला तर ३० दिवसांत सरकारकडं अपील आहे. एका केसवर सहज होत नाही. जालना जिल्ह्यातला असाच एक तडीपारीचा आदेश सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये रद्द केला, की माणसाला त्याच्या गावातून काढणं हा असाधारण उपाय आहे, तो कधीतरीच आणि कारण दाखवूनच वापरायचा. तो निकाल आमच्या वस्तीवर झेरॉक्स काढून ठेवलाय.

मोंढ्यातला · मंगळवार, रात्री १०:१८

पालावरचा दादा, वाचलं. माझं चुकलं. गल्लीतल्या त्या माणसाचं मी वरवर पाहून लिहिलं होतं, आज त्याच्याशी बोललो. तो निवांत नाही. मागच्या आठवड्यात पण ठाण्यात जाऊन आला म्हणे.

येलदरीकर · बुधवार, सकाळी ११:०२

एक शंका. मला मधी पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं होतं, मी नाही म्हणलो तर केस करीन म्हणले. ते पण असंच का?

ॲड_बालाघाट · बुधवार, दुपारी २:१०

नाही दादा, पंच वेगळा. झडतीच्या वेळी लेखी आदेश देऊन पंच म्हणून बोलावलं आणि सबळ कारण नसताना नकार दिला तर तो गुन्हा होऊ शकतो, कलम १०३ मध्ये तसं आहे. पण पंच म्हणजे समोर जे घडलं ते बघणं आणि खरं सांगणं. न बघता सही कर म्हणले तर मात्र नकार द्यायचाच.

गोदाकाठ · बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, भावाला सगळं वाचून दाखवलं, दोनदा. फोनचे रेकॉर्ड आहेत, त्याच्या मोबाईलमधी कॉल रेकॉर्डिंग आपोआप होतं, त्यातल्या तीन कॉलमधी तडीपारीचं बोलणं स्पष्ट आहे. पण ठाण्यात बसवून ठेवल्याचा पुरावा कुठून आणायचा? तिथं तर नोंदच करत नाहीत. आणि अर्ज दिल्यावर चिडून खोट्या केसमधी घातलं तर?

निवृत्त_जमादार · गुरुवार, सकाळी ६:०५

कॅमेरा. डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं, आतबाहेरची दारं, लॉकअप, व्हरांडा, ठाणे अंमलदाराची खोली, सगळीकडं, आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं. बाकड्यावर दहा तास बसलेलं पोरगं त्यात दिसणारच. माहिती अधिकारात मागा, आणि त्या तारखांची स्टेशन डायरी पण मागा. डायरीत त्याचं नाव नसेल आणि कॅमेऱ्यात तो दिसत असेल तर उत्तर त्यांना द्यावं लागंल.

मोबाईलमधलं रेकॉर्डिंग दुसरीकडं कॉपी करा, पण मूळ मोबाईल विकू नका, फॉर्मॅट मारू नका.

ॲड_बालाघाट · गुरुवार, रात्री ८:४५

काकांनी बरोबर सांगितलं. खोट्या केसच्या भीतीचं बोलते.

अटकपूर्व जामीन, आता कलम ४८२, सेशन कोर्टात. एफआयआर झालाच पाहिजे असं नाही, १९८० पासून तसा कायदा ठरलेला आहे, पण नुसतं ‘भीती वाटते’ म्हणून मिळत नाही, भीतीला आधार दाखवावा लागतो. तुमच्याकडं तीन कॉल आहेत, आणि एसपींना दिलेला अर्ज आधीच्या तारखेचा असेल तर त्याचं वजन फार असतं. अर्ज आधी आणि केस नंतर, हा क्रम न्यायाधीशांच्या डोळ्यात भरतो.

याहून वर हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात क्रिमिनल रिट, घटनेचं कलम २२६. विनानोटीस बोलावू नये, बसवून ठेवू नये एवढीच मागणी करायची. बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच सरकारी वकील सांगतात की कायद्याप्रमाणे नोटीस देऊनच बोलावू, आणि कोर्ट ते नोंदवून रिट निकाली काढतं. लोकांना वाटतं काही मिळालं नाही. खरं तर तो आदेश खिशात असला की पुढच्या फोनचा सूरच बदलतो. संभाजीनगरला जाणं-येणं, वकिलाची फी, हा खर्च आहे, लपवत नाही. पण आपलं खंडपीठ अशा गोष्टी ऐकत नाही असं समजू नका. परभणीच्या डिसेंबर २०२४ च्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात गुन्हा नोंदवायचा आदेश इथूनच जुलै २०२५ मध्ये झाला, आणि सुप्रीम कोर्टानं तो कायम ठेवला.

बसवून ठेवणं हे बेकायदा डांबणं आहे, न्याय संहितेचं १२७. आणि देव न करो पण हात उचलला तर त्याच न्याय संहितेचं कलम १२० लक्षात ठेवा, माहिती काढून घेण्यासाठी इजा करणं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्यायची, दुसऱ्या दिवसावर टाकायची नाही. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर एसपी, तिथंही नाही तर मॅजिस्ट्रेटकडं नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५ खाली अर्ज. तक्रार सरकारी नोकराविरुद्ध असल्यानं मॅजिस्ट्रेट आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवू शकतो, म्हणून वेळ लागतो, खचू नका. पण वेळेचा एक धोका पण आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या १६१ कलमात पोलिसांविरुद्धच्या खटल्याला सहा महिन्यांची मुदत आहे, कर्तव्याच्या आडून केलेल्या कृत्याला ती लागू करा म्हणून ते कोर्टात भांडतात. म्हणून बघू-बघू करत बसू नका. राज्य मानवी हक्क आयोगाकडं तक्रार एक वर्षाच्या आत, त्याला फी नाही, पोस्टानं जाते.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, हेल्पलाईन १५१००. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पालावरचा दादा, हे वस्तीवर सगळ्यांना सांगा.

पालावरचा · गुरुवार, रात्री ९:१५

सांगतो ताई. १५१०० भिंतीवरच लिहून ठेवतो.

गोदाकाठ · दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:५०

धागा वर काढतोय, काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

अर्ज दिला. चार पानं झाली होती, वकिलांनी दीड पानात आणली. एसपी ऑफिसचा आवकचा शिक्का घेताना तिथल्या बाईंनी दोन प्रश्न विचारले आणि शिक्का मारून दिला, मी उगाच रात्रभर घाबरलो होतो. आठव्या दिवशी डीवायएसपी ऑफिसातून पत्र आलं, पत्र, फोन नाही. भाऊ वकिलासोबत गेला, पाऊण तासात जबाब झाला, त्यांनी कोऱ्या सह्यांबद्दल दोनदा विचारलं आणि लिहून घेतलं. डीबीवाल्यांचा तेव्हापासून एकदाच फोन आला. भाऊ म्हणला, साहेब लेखी द्या, मी येतो. तिकडून फोन ठेवला. मी शेजारीच उभा होतो, त्याचा हात थरथरत होता पण आवाज नाही.

वडील ठाण्यात गेले नाहीत. घरी पण कोणी आलं नाही.

दुकान सोमवारी उघडलं. येणाऱ्या प्रत्येक जुन्या मोबाईलचं बिल, आधारची झेरॉक्स आणि आयएमईआय रजिस्टरमधी लिहायलोय आता. वाळूवाली पोरं परत आली होती, भावानं त्यांना अर्जाची प्रतच दाखवली, की बघा मी कोणाचा खबऱ्या नाही, इथं सही-शिक्क्यानं लिहिलंय. वाचून गेली. अजून दुकानातून घरी त्याला मीच आणायला जातो, दिवस मावळायच्या आत.

मूळ केस चालू आहे, ती लढू, त्यात जे होईल ते होईल. आता राहिलं सीसीटीव्हीचं. ताई, माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना असेल तर टाकाल का? पहिली तारीख सव्वा वर्षापूर्वीची आहे, १८ महिने व्हायला फार दिवस राहिले नाहीत.

ॲड_बालाघाट · रविवार, रात्री १०:२०

नमुना उद्या सकाळी टाकते, कॅमेऱ्याच्या जागा आणि वेळा वेगवेगळ्या लिहायच्या असतात, नाहीतर ‘माहिती मोघम आहे’ म्हणून परत करतात. पण त्याची वाट बघू नका. उद्या ऑफिस उघडल्या उघडल्या एसपींना एका वाक्याचं पत्र द्या की खालील तारखांचं फुटेज पुसू नये, जपून ठेवावं. खाली सगळ्या तारखा. शिक्का घ्यायला विसरू नका.